साधी गाठ

आमच्या घराण्यात कुणाला मोठं दुखणं झालं की ते त्याला सांगायचं नाही, आणि हे न सांगायचं काम माझ्याकडे.

त्याचं कारण असं, की आम्ही मिरजेचे. मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव. बेळगावपासून रत्नागिरीपर्यंतचे नातेवाईक एक्स-रेची पिशवी बगलेत मारून आमच्याकडे उतरायचे. डॉक्टर खरं काय ते घरच्या पुरुषांना व्हरांड्यात नेऊन सांगायचे. ते तिथेच रुमाल काढून नाक शिंकरायला लागायचे. मग असली रडकी तोंडं घेऊन पेशंटसमोर जाणार कोण? "अरुणाला पाठवा, तिच्या तोंडावरून कुणाला काही कळायचं नाही." मी जायची. डबा उघडत उघडत सांगायची, "साधी गाठ आहे हो, काढली की झालं. आज काय खावंसं वाटतंय?" चंद्रशेखरभावजींना मी असंच सांगितलं. माझ्या सख्ख्या बहिणीला, सुलेखाताईला, असंच सांगितलं. तिने माझ्याकडून हौसेने पुरणपोळ्या करून घेतल्या आणि दसऱ्याच्या आत गेली. मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. जाणारं माणूस चार घास सुखाने जेवलं, यात कुणाचं काय बिघडलं? उद्या वेळ आली तर पुन्हा तसंच सांगेन.

फक्त ती वेळ माझ्यावरच येईल, हे ध्यानीमनी नव्हतं.

आमचे हे गेले ते एका झटक्यात, सकाळी पेपर वाचता वाचता. त्यांच्याशी खोटं बोलायची पाळीच आली नाही. वर्षश्राद्ध झालं आणि अभय, माझा मुलगा, मला सिंगापूरला घेऊन आला. तो इथे एका बँकेच्या कॉम्प्युटरचं काम बघतो. बेडोकला भाड्याचा फ्लॅट, मजला अकरावा. लिफ्ट मेली अकराव्यावर थांबत नाही, दहाव्यावर उतरून एक मजला चढायचा. माझा राहण्याचा पास अभयच्या पासला बांधलेला, माझा पलंग नातीच्या खोलीत. श्रिया सहा वर्षांची. मी मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते आणि शेवटी इथल्या लोकांसारखं 'लाह' लावते.

आणि वल्लरी, माझी सून. पाया लेबारला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. आमचं दोघींचं रोज वाजायचं. मी माझं ओलं लुगडं न पिळता बांबूवर घालून खिडकीबाहेर सरकवायची. त्याचं पाणी खालच्या चिनी बाईच्या कपड्यांवर ठिबकायचं. ती बाई वर येऊन ओरडायची आणि माफी मागायला वल्लरी. उशीच्या अभ्र्याला माझ्या डोक्याचं तेल. तिने कुकरला तीन शिट्ट्या सांगितल्या की मी पाच करणार. वल्लरी ऐकून घेणाऱ्यातली नव्हे, उलट उत्तर तयार. मीही काही कमी नाही. पण एक सांगते, तोंडावर बोलणारी माणसं मला बरी वाटतात. आयुष्यभर व्हरांड्यातली कुजबुज ऐकलेली आहे मी.

माझ्या डोक्यात मागच्या बाजूला, उजव्या कानाच्या वर, एक टेंगूळ होतं. किती वर्षांचं कोण जाणे. लहानपणी झोपाळ्यावरून पडले होते, त्याचंच राहिलं असेल म्हणून मी कधी लक्ष दिलं नाही. वरून अंबाडा घातला की कुणाला दिसतही नव्हतं. सिंगापूरला आल्यावर मात्र ते वाढायला लागलं. आकडा टोचायचा, त्या कुशीवर झोपलं की डोकं ठणकायचं. एका रविवारी कधी नव्हे ते वल्लरीच्या हातून डोक्याला तेल लावून घेत होते, तर तिची बोटं एका जागी थांबली. "आई, हे काय आहे?" मी म्हटलं, माझं टेंगूळ आहे, तुझ्याहून जुनं आहे. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती मला डॉक्टरकडे घेऊन गेली. माझं काही चालू दिलं नाही.

एक्स-रे काढला. फोटोत माझी कवटी, आणि कवटीला वाटोळं भोक. त्याची कडा अशी पांढरी स्वच्छ, की कुणी कंपासने काढलीय असं वाटावं. मग त्यांनी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे आधी सीटी स्कॅन आणि मग ते एमआरआयचं यंत्र. मला नळकांड्यात सरकवलं, डोकं पिंजऱ्यात अडकवलं, हातात एक रबरी फुगा दिला, घाबरलात तर दाबा म्हणाले. नाकासमोर चार बोटांवर भिंत. वरून असा ठणठणाट, की जीव मुठीत धरून पडले होते. आपल्याकडे माणसाला जाळतात, निदान असं कोंडून तरी ठेवत नाहीत, हा एकच विचार डोक्यात फिरत होता. फुगा मात्र दाबला नाही. मिरजेची अब्रू होती.

रिपोर्ट बघायला अभय आणि मी गेलो. डॉक्टरीणबाई चिनी, क्वेक नावाच्या, बारीक केस कापलेल्या, चाळिशीच्या. माझं इंग्रजी कन्याशाळेतलं असलं तरी मला कळतं, आणि बाई सावकाश बोलत होत्या. त्यांनी पडद्यावर दाखवून सगळं मलाच सांगितलं, अभयला नाही. मूल पोटात असताना डोक्याची हाडं तयार होतात, तेव्हा कधीतरी, फार क्वचित, कातडीचा एक कण हाडाच्या आत राहून जातो. कातडीला काय ठाऊक आपण आत राहिलोय ते. ती बिचारी कातडीचं काम करत राहते, रोज थोडी थोडी झडत राहते. बाहेरची कातडी झडली तर आपण धुऊन टाकतो, पण आतलीला जायला वाटच नाही. साठ वर्षांचं झडलेलं सगळं तिथल्या तिथे साचलं, थरावर थर, आणि जागा हवी म्हणून हाड खात गेलं. बाहेरचं हाड आता कागदासारखं राहिलंय, आतलं संपलंय, आणि ते मेंदूच्या आवरणाला आत ढकलतंय. जवळून एक मोठी शीर जाते. म्हणून काढायला हवं. कॅन्सर नाही, बाई म्हणाल्या. साधी गाठ आहे.

मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्यावरून काही कळत नव्हतं.

मी उठणार, एवढ्यात अभय म्हणाला, "आई, तू जरा बाहेर बस." आणि दार लागलं. मी बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. मिरजेतली व्हरांड्यातली माणसं माझ्या डोळ्यांसमोर आली. बऱ्याच वेळाने अभय बाहेर आला, डोळे लाल. माझ्याकडे न बघता माझी पिशवी उचलली आणि म्हणाला, "आई, आज काय खावंसं वाटतंय?"

माझंच वाक्य. लहानपणी डब्याची पिशवी धरून हा पोरगा माझ्या मागे यायचा, तिथेच ऐकलेलं असणार त्याने.

मी त्याला म्हटलं, डोसा खाईन. आणि खाल्ला. चव कसली लागतेय.

तेव्हापासून मी अडकले ती अडकलेच. तुम्हीच बघा ना, मला काही वाईट झालं असतं तर ते म्हणाले असते, साधी गाठ आहे. आणि खरंच काही नसतं तरीही म्हणाले असते, साधी गाठ आहे. तिसरं काही म्हणण्यासारखं शिल्लकच नाही. ते शब्द मी स्वतः इतक्या लोकांना वाटले होते, की माझ्या वाट्याला आले तेव्हा त्यांच्यात काही उरलंच नव्हतं. डॉक्टरीणबाई खरं बोलतात असं म्हणावं, तर मिरजेचे डॉक्टरही मोठे भले होते. इंटरनेटवर दाखव म्हटलं, तर अभयने दाखवलं. पण दाखवणारा अभयच, मला त्यातलं काय शोधता येतंय?

मग मला एक युक्ती सुचली. आमच्याकडे जाणाऱ्या माणसाशी कधी कुणी भांडत नाही. सुलेखाताईचा आणि तिच्या जावेचा जन्माचा उभा दावा होता, पण आजार कळल्यापासून ती जाऊ तिचे पाय चेपायला लागली. चंद्रशेखरभावजी दवाखान्यात चोरून तंबाखू खायचे, तर बायको स्वतः डबी भरून आणून द्यायची. वरवर गोड बोलणं कुणालाही जमतं. पण ज्याच्यावर खरोखर राग येतो त्याच्यावर न रागावणं, हे फक्त मरणाऱ्यासाठी करतात.

म्हणजे वल्लरी रागावते का, एवढंच बघायचं होतं.

पहिल्या दिवशी मी लुगडं निथळत बांबूवर घातलं. चिनी बाई वर आली, ओरडली. वल्लरीने माफी मागितली, दार लावलं आणि मला म्हणाली, "राहू दे आई, मी पिळून घालते." दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ ओतलं. चिमूटभर नव्हे, मूठभर. अभयने एक घास घेतला आणि पाणी प्यायला. वल्लरीने माझ्याकडे पाहिलं, सगळी वाटी संपवली आणि म्हणाली, "छान झालीय." त्या रात्री मला झोप नाही. तरी वाटलं, एवढ्याने काय होतंय, अजून एकदा बघू. मग मी नको ते केलं. तिच्या आईचं नाव काढलं. तुझ्या आईने तुला वळण लावलं नाही, तिला स्वतःलाच कुठे होतं, असं काहीबाही बोलले. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. तिचा चेहरा पांढरा पडला, ओठ हलले, आणि ती उठून बाथरूममध्ये गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ तो नळ चालू होता.

संपलं, मी मनात म्हटलं. अरुणाबाई, तुमची वेळ झाली.

ऑपरेशनच्या आधी एकदा हॉस्पिटलात जायचं होतं. डॉक्टर क्वेकनी कागद माझ्यासमोर सरकवला, कारण इथे सही पेशंटची लागते, मुलाची चालत नाही. मी हात मांडीवर ठेवले ते उचलले नाहीत. अभयला मराठीत सांगितलं, की दुखणं मोठं असेल तर मला इथे डोकं फोडून घ्यायचं नाही, मी मिरजेला जाऊन माझ्या घरात मरेन. आणि दुखणं साधं असेल तर आधी मला ते खरं वाटू दे. तो म्हणाला, आई, किती वेळा सांगू, साधी गाठ आहे. मी म्हटलं, हेच, हेच वाक्य नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांची इच्छा नसेल तर मी हात लावणार नाही. पण ठेवली तर ती वाढत राहणार, आत फुटली किंवा तिच्यात पू झाला तर मेंदूवर जाईल, मग मी कशाचीच खात्री देऊ शकत नाही.

घरी आल्यावर मी अभयकडे पासपोर्ट मागितला. तो म्हणाला, पास वाढवायला दिलाय, आल्याशिवाय कुठे जाता येणार नाही. म्हणजे इथे डोकं उघडू द्यायचं नाही आणि घरीही जायचं नाही. दिवसा ती तिघं गेली की मी त्या अकराव्या मजल्यावर एकटी. एक मजला उतरून लिफ्टने खाली जायची, बिल्डिंगच्या खालच्या मोकळ्या जागेत दगडी बाकावर बसायची. जाणार कुठे? समोर दुसरी बिल्डिंग, तिच्यामागे तिसरी, सगळ्या एकसारख्या. पुन्हा वर यायची. डोकं दिवसेंदिवस जास्त दुखत होतं, सकाळी उठलं की मळमळायचं. त्या हाडातल्या कातडीचाच विचार मनात यायचा. तिने करायचं काय? बाहेर जाता येत नाही आणि थांबताही येत नाही. मला तिची दया यायची. आणि मग स्वतःची यायची आणि मी रडायची, कुणी नसताना.

आणि एक दिवस श्रियाने विचारलं, "आज्जी, यू व्हेरी सिक आह?" घरात ती एकटीच अशी होती, की जिने मला सरळ प्रश्न विचारला. मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, की आजी आता देवबाप्पाकडे जाणार, मग हा खिडकीजवळचा पलंग तुझा. तिने थोडा विचार केला आणि खिडकीजवळ बाहुल्या मांडू का विचारलं. मी म्हटलं, मांड.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दाराला किल्ली लागली. बघते तर वल्लरी, ऑफिसच्या कपड्यांत, घामाघूम, हाताला श्रिया. श्रियाने वर्गात उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं, की माझी आजी मरणार आहे आणि आमच्या घरात हे कुणाला बोलायची परवानगी नाही. आणि मग ती रडायला लागली ती थांबेचना. टीचरने वल्लरीला फोन करून मीटिंगमधून बोलावून घेतलं होतं. वल्लरीने श्रियाला खोलीत पाठवलं, दार ओढून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तिला काय सांगितलंत तुम्ही?"

"खरं ते सांगितलं," मी म्हटलं. "तुम्ही कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगितलं."

मला वाटलं, आता हिचे डोळे भरणार, ही माझे पाय धरणार, आणि सगळं बाहेर पडणार. पण तिने खांद्यावरची पर्स सोफ्यावर फेकली.

"तुम्ही मरणार नाही आहात, आई. तुम्ही अजून वीस वर्षं जगणार आहात. आणि ती वीस वर्षं मला या घरात तुमच्याबरोबर काढायचीयत. मला कुणी विचारलं होतं? अभय मिरजेहून तुमचं तिकीट काढून मोकळा झाला आणि मग मला फोन केला. दोन वर्षं झाली, माझं स्वयंपाकघर माझं नाही, माझी मुलगी रात्री माझ्याआधी तुमच्याकडे जाते. आणि आता महिनाभर मी तोंड शिवून बसलेय, का तर ऑपरेशनच्या आधी तुमचं ब्लडप्रेशर वाढायला नको. ती आमटी कुत्र्याने खाल्ली नसती. आणि माझ्या आईबद्दल जे बोललात ना, ते मी मेले तरी विसरणार नाही."

मी विचारलं, मग अभयने मला त्या दिवशी बाहेर का काढलं?

"केसांसाठी," ती ओरडलीच. "तुमचे सगळे केस काढणार का, हे त्याला तुमच्यासमोर विचारवेना. तुमच्या त्या चुलत आजीची गोष्ट तुम्हीच त्याला सांगून ठेवलीय. एवढा मोठा घोडा झालाय, आणि डॉक्टरसमोर रडत होता, माझ्या आईचं डोकं भादरू नका म्हणून."

माझी चुलत आजी सोवळी होती. लाल आलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढलेली, माजघराच्या कोपऱ्यात बसलेली. दर महिन्याला न्हावी मागच्या दाराने यायचा. मी पाच-सहा वर्षांची असेन, लपून पाहिलेलं आहे. अभयला ते एकदा कधीतरी सांगितलं होतं. वेडं पोर.

मला हसू फुटलं. मग रडू आलं. मग दोन्ही एकदम. छातीवर महिनाभर ठेवलेला पाटा कुणीतरी उचलला. मरणाऱ्या माणसाला आमच्या मिरजेत कुणी वीस वर्षं ऐकवत नाही. आणि असं रडकुंडीला येऊन, असं मनापासून वैतागून तर नाहीच नाही. माझा विश्वास बसला. डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यावर बसला नाही, पोटच्या मुलाच्या बोलण्यावर बसला नाही. या पोरीच्या संतापावर बसला.

डोळे पुसून वर बघते तर वल्लरी खाली फरशीवर बसलेली, बूट पायात तसेच, तोंड ओंजळीत. ती हमसून हमसून रडत होती. बोलून गेली ते आता तिलाच ऐकू आलं होतं. जे ऐकून मी सुटले, त्यातच ती दोन वर्षं कोंडलेली होती, आणि मी त्याच घरात राहून मला ते दिसलं नव्हतं. मी तिच्याशेजारी खाली बसले. गुडघे कुरकुरले. मी तिला मिठाचं सांगितलं, ओल्या लुगड्याचं सांगितलं, आणि तिच्या आईबद्दल का बोलले तेही. जाणाऱ्या माणसाशी कुणी भांडत नाही, म्हणून बघत होते, असं म्हटलं.

तिने नाक पुसलं. "म्हणजे मुद्दाम?" आणि मग जे काही भांडली म्हणता! बाकीचं ठीक, पण आईची माफी तिने माझ्याकडून त्याच संध्याकाळी फोनवर मागवून घेतली. मीही मागितली. तिची आई म्हणाली, अहो विहीणबाई, कशाबद्दल ते तरी सांगा. दोन दिवसांनी मी सही केली.

केस बोटभर रुंदीच्या पट्ट्यापुरतेच काढले. ऑपरेशन फार वेळ चाललं. डॉक्टर क्वेकनी नंतर त्यांच्या कॉम्प्युटरवर मला फोटो दाखवला. हाडाच्या खळग्यात पांढरंशुभ्र, चमकतं काहीतरी, कापराच्या वड्यांचा चुरा करून भरावा तसं. तो चुरा सहज निघतो, त्या म्हणाल्या. वेळ लागतो तो त्याच्या पिशवीला. ती कातडी मेंदूच्या आवरणाला चिकटलेली असते, ती तसूतसूने सोडवावी लागते. एवढासा तुकडा राहिला तर पुन्हा पहिल्यापासून साचायला सुरुवात. शिरेजवळचा भाग त्यांनी सगळ्यात शेवटी सोडवला. भोकावर धातूची जाळी बसवली. तपासणीचा रिपोर्टही आला. अभय धावत तो घेऊन आला, साधी गाठ होती आई, म्हणाला. मी म्हटलं, मला माहीत आहे.

डोक्याचे टाके निघाले तसं मी ठरवलं. पासपोर्ट परत आला होता. रात्रीच्या जेवणाला सगळे बसले असताना मी सांगून टाकलं, की मी मिरजेला जाणार, कायमची. इथली हवा मला मानवत नाही, घर बंद पडून खराब होतंय, आणि खरं सांगायचं तर कंटाळा आला तुमच्या सिंगापूरचा. अभयने फार आग्रह केला. मी हसले, त्याची समजूत काढली, सुट्टीत या म्हटलं. माझ्या तोंडावरून काही कळत नाही हे मला ठाऊक आहे. अभयला पटलं. श्रियाने खिडकीजवळच्या पलंगाचं नक्की करून घेतलं. वल्लरी उठून ताटं गोळा करायला लागली.

तिकीट काढलं. त्या दिवसांत मी लुगडं घट्ट पिळून घालत होते. कुकरच्या तीनच शिट्ट्या. उशीवर जुना पंचा. श्रिया रात्री कुशीत आली की तिला तिच्या आईकडे पाठवायची आणि मग भिंतीकडे तोंड करून पडायची. तिथे मिरजेत रिकामं घर होतं, आणि ह्यांची पेपर वाचायची खुर्ची. पण त्या पोरीने मला वीस वर्षं दिली होती, तिला तिची परत द्यायला नकोत?

जायच्या आदल्या रविवारी स्वयंपाक वल्लरीने केला. मला आत येऊच दिलं नाही. पानं वाढली, मी आमटीभाताचा घास घेतला. अगं आई गं! जिभेला चटका बसावा इतकं मीठ. मी घास गिळला. दुसरा घेतला. पाण्याला हात लावला नाही.

"छान झालीय," मी म्हटलं.

वल्लरीने हातातला घास ताटात ठेवला. तिने स्वतः आमटी वाढूनच घेतली नव्हती.

"आई, मी तेव्हा बोलले ते खोटं नव्हतं," ती म्हणाली. "ते मी परत घेत नाही. पण तुम्ही आठवडाभर जे बोलताय ते खोटं आहे. तुम्हाला जायचंय का?"

अभय एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागला. त्याला काही कळलं नव्हतं. मी तोंड सरळ ठेवायचा प्रयत्न केला. चंद्रशेखरभावजींसमोर ठेवलं होतं, सुलेखाताईसमोर ठेवलं होतं. या वेळी हनुवटी ऐकेना. खालचा ओठ थरथरायला लागला, पाणी गालावरून ताटात पडलं, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

"आमटी खारट झालीय," मी म्हटलं. "तोंडात घालवत नाही. आणि फोडणीचा हिंग करपलाय."

"करपलेला नाहीये," वल्लरी म्हणाली, आणि आमटीत पाणी घालायला पातेलं घेऊन आत गेली.